सुके वजन

त्या प्रसूती विभागात गेलेले रक्त मोजण्याची पद्धत एकच होती. विभागप्रमुख खाटेपाशी येत, चादरीकडे एकवार बघत आणि आकडा सांगत. त्यांनी सांगितला की रक्त तेवढेच गेलेले असे. त्याहून अधिक जाण्याची त्याची हिंमत नव्हती. या सिद्धीमुळे निवासी डॉक्टरांनी त्यांचे नाव 'नजर' ठेवले होते. अर्थात पाठीमागे. तोंडावर ते 'सर' होते, आणि 'सर' म्हणताना मान किती वाकवायची याचे प्रशिक्षण पहिल्या महिन्यातच पूर्ण होई. टाके घालायला शिकवणे त्यानंतर.

शेवटच्या वर्षाच्या एका मुलीला सगळे 'तराजू' म्हणत. हे मात्र तोंडावर. तिने तीन महिन्यांपूर्वी लेबर रूममध्ये स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून ठेवला होता. भिजलेले पॅड आणि चादर काट्यावर ठेवायची, त्यातून तेच कापड कोरडे असतानाचे वजन वजा करायचे. उरते ते रक्त. एक ग्रॅम म्हणजे ढोबळमानाने एक मिलिलिटर. यात काही बुद्धी लागते असे तिचे म्हणणे नव्हते. प्रत्येक कापडाचे सुके वजन तिने एका कागदावर लिहून तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता.

हा उद्योग तिने विनाकारण केला नव्हता. एका दुपारी तिने विभागाची तीन वर्षांची नोंदवही चाळली होती. दोन हजारांच्या वर बाळंतपणे, आणि पाचशे मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेलेल्या बाया अकरा. बाकी सगळ्या तीनशे, साडेतीनशे, चारशे. पुस्तके शंभरात पाच-सहा तरी सांगतात. इतकी शिस्तीची गर्भाशये एकाच इमारतीत कशी गोळा झाली, याचे दोनच खुलासे संभवत होते, आणि त्यांपैकी एक जीवशास्त्रात बसत नव्हता.

मग अकरा नंबरच्या खाटेवर एक बाई आली. तिसरे बाळंतपण. मूल सकाळी दहाला झाले, पाठोपाठ वारही पडली, आणि त्यानंतर गर्भाशयाने आवळून यायचे ते काही येईना. हाताखाली ते ओल्या कणकेसारखे लागत होते. इंजेक्शने दिली, पोटावरून चोळले, एक हात आतून लावून दाबून धरले. पंचवीस मिनिटांनी धार थांबली. नाडी एकशे अठ्ठावीस. ओठ कागदासारखे.

नजर राउंडला आली. चादरीकडे बघितले.

"चारशे. लिहा."

लिहिले मुकादमाने. मुकादम म्हणजे दोन वर्षांपूर्वी पास होऊन विभागातच राहिलेला सीनियर. ड्यूट्या लावणे, रजा नाकारणे आणि सरांची री ओढणे ही त्याची तीन कामे, आणि तिन्हींत तो तरबेज होता. त्याने '४००' लिहिले, खाली रेघ मारली आणि सरांमागोमाग पुढच्या खाटेकडे गेला.

तराजूने सगळी कापडे गोळा करून काट्यावर ठेवली, वजाबाकी केली आणि मुकादमाच्या रेघेखाली लिहिले: 'वजनाने १३५०'. सही, वेळ. मग रक्ताचा मागणी-अर्ज घेऊन ती मुकादमाकडे गेली.

"सरांनी चारशे म्हटलंय," तो म्हणाला. "चारशेला रक्त कोण मागतं? रक्तपेढीवाले हसतील."

"हसू देत. नाडी एकशे अठ्ठावीस आहे, सर."

"घाबरली असेल."

"घाबरून ओठ पांढरे होतात?"

"हे बघ, मी सही करणार नाही. तुला करायची तर कर. मी इथं नव्हतोच."

तिने केली. दोन पिशव्या चढल्या. दुपारी चारला नाडी ब्याण्णव झाली, पाचव्या दिवशी बाई मुलाला घेऊन घरी गेली. ती वाचली म्हणून आकडा बरोबर होता असे सिद्ध होत नाही, हे तराजूला पक्के ठाऊक होते. कदाचित रक्त न देताही ती वाचली असती. एका रोग्यावरून काहीच सिद्ध होत नसते, हे वाक्य तिने स्वतःला दोनदा ऐकवले आणि केसपेपर मिटला.

केसपेपर मिटला, पण प्रकरण उघडले. रक्तपेढीच्या समितीचे पत्र तीन आठवड्यांनी विभागप्रमुखांच्या टेबलावर आले. भाषा सभ्य होती: चारशे मिलिलिटर रक्तस्रावासाठी दोन पिशव्या का दिल्या गेल्या, आणि त्याच पानावर तेराशे पन्नास हा दुसरा आकडा कसा, याचा खुलासा व्हावा.

सोमवारी सकाळी तराजूला केबिनमध्ये बोलावणे आले. मुकादम आधीच कोपऱ्यात उभा होता, हात मागे बांधून.

"हे अक्षर तुझं?"

"हो, सर."

"आणि हे वरचं?"

"अक्षर यांचं. आकडा तुमचा."

नजरेने चष्मा काढून पुसला. "एकवीस वर्षं. एकवीस वर्षांत माझ्या आकड्याखाली कुणी आकडा लिहिलेला नाही. का लिहिला नसेल?"

या प्रश्नाचे खरे उत्तर केबिनमध्ये देण्यासारखे नव्हते.

"बोला की, डॉक्टर! तुम्ही मोठ्या शास्त्रज्ञ."

"तो वजनाचा आकडा आहे, सर."

"वजन भाजीबाजारात करतात. माझ्या हाताखालून हजारो बाया गेल्यात. मी चादर बघतो तेव्हा नुसती चादर बघत नाही. बाईचा चेहरा बघतो, धार बघतो, रंग बघतो. ते तुझ्या काट्याला दिसतं?"

"नाही, सर. काट्याला फक्त वजन दिसतं."

"उत्तरं बघ कशी फटाफट येतात," मुकादम कोपऱ्यातून म्हणाला.

"तू गप्प बस," नजर त्याच्याकडे न बघता म्हणाली, मग तिच्याकडे वळली. "शुक्रवारी विभागाची सभा आहे. सगळ्यांसमोर लेखी माफी वाचायची. तेराशे पन्नास खोडायचं, शेजारी 'चुकीची नोंद' लिहायचं, सही करायची. समितीला मी तेच कळवीन. नाहीतर तुझी टर्म असमाधानकारक. दोन महिन्यांनी परीक्षेला तुझ्याबरोबरचे बसतील, तू बसणार नाहीस. सहा महिने वाढतील. मग मोज इथं बसून काय मोजायचं ते."

दार बंद करताना तिला मुकादमाचे हसू ऐकू आले. सरांचे नव्हे. सर विनोद करत नव्हते.

तराजू भावाकडे राहत असे. दादा शाळेत भूमिती शिकवी आणि घरात त्यातले काहीही लागू करीत नसे. वहिनी घरच्या घरी केकच्या ऑर्डरी घेई. तराजूच्या ताब्यात असलेली मधली खोली वहिनीने मोठ्या ओव्हनसाठी वर्षापूर्वीच मनातल्या मनात रिकामी केली होती. नणंद परीक्षा देऊन बाहेर पडली की ओव्हन आत येणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. आणि लेबर रूममधला तो काटा वहिनीचा होता.

"वन्सं," वहिनी म्हणाली. तिने 'वन्सं' म्हटले की हवामान कळे. "माझा काटा कधी येणार? तीन महिने झाले, मी वाटीनं मैदा मोजतेय."

"तो आता परत आणण्यासारखा नाही, वहिनी."

"का? मोडला?"

"मोडला नाही. पण तू त्यावर मैदा ठेवणार नाहीस."

वहिनीने हातातले भांडे खाली ठेवले. "म्हणजे? काय ठेवता तुम्ही त्यावर?"

तराजूने सांगितले. सांगताना सोमवारचे केबिनही सांगितले, शुक्रवारही, सहा महिनेही. वहिनीच्या चेहऱ्यावर काटा, रक्त आणि ओव्हन या तिघांची मारामारी चालली होती. शेवटी ओव्हनने बाजी मारली.

"सहा महिने? ती खोली मी मोजून ठेवलीय!"

"नजरेनं?"

"टेपनं! जीभ तेवढी चालते."

दादाने वर्तमानपत्रातून डोके काढले. "अगं, लिहून दे ना माफी. कागद तर आहे. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"दादा, तिथं मासा वगैरे कुणी नाही. तळंच त्यांचं आहे."

"मग तर आणखीच नको. त्यांचं एकवीस वर्षांचं नाव, तुझी तीन वर्षं. तुझंच बरोबर कशावरून?"

हा प्रश्न योग्य होता, म्हणून ती चिडली. उत्तर वहिनीने दिले, आणि तेही रागातच.

"मी मैदा अंदाजानं घातला तर केक मधोमध बसतो. बसला की गिऱ्हाईक फोन करून माझी अब्रू काढतं. यांच्या सरांचा अंदाज चुकला तर गिऱ्हाईक फोन करणारंय का?" मग नणंदेकडे वळून, "म्हणून मी तुमच्या बाजूची आहे असं समजू नका. खोली मला हवीच आहे. आणि नवा काटा तुम्ही आणून द्यायचा."

बुधवारी दुपारी लेबर रूम रिकामी होती. शुक्रवारी आपली पद्धत समजावून सांगावी लागेल, तर एकदा सुकी वजने सगळ्यांसमोर घेऊन दाखवावीत, असे तराजूने ठरवले होते. तालीम म्हणून तिने कपाटातून कोरडी चादर काढली, घडी करून काट्यावर ठेवली. दाराच्या कागदावर होते एकशे साठ. काट्यावर आले दोनशे चाळीस.

तिने काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवली. दोनशे चाळीस. दुसरी चादर घेतली. दोनशे अडतीस. तिसरी, दोनशे एक्केचाळीस.

"सिस्टर, या चादरी कुठल्या?"

लेबर रूमच्या सिस्टर खिडकीशी बसून साठ्याची वही भरत होत्या. "नवा गठ्ठा आलाय ना. जाड आहेत. दहा धुण्यांत फाटत नाहीत."

"कधी आला?"

सिस्टरांनी पाने उलटली. "चार तारखेला."

अकरा नंबरची बाई नऊ तारखेची होती. तिच्याखाली दोन चादरी होत्या. म्हणजे प्रत्येकी ऐंशी, एकूण एकशे साठ ग्रॅम कोरडे कापड तराजूने रक्तात धरले होते. खरा आकडा तेराशे पन्नास नव्हे, अकराशे नव्वद.

ती स्टुलावर बसली. नजरेने मोजणाऱ्या कुठल्याही विभागात अशी चूक झाली नसती. कारण ती करण्यासाठी आधी कापड तोलावे लागते. चारशे म्हणणाऱ्याची चूक कधीच एकशे साठची निघणार नव्हती. त्याची चूक शोधायला जागाच नव्हती, म्हणून तो एकवीस वर्षे बिनचूक होता.

"काय झालं, डॉक्टर?"

तिने सांगितले. सिस्टरांनी वही मिटली.

"कोण बघतंय? आधीच तुमच्यामागे हात धुऊन लागलेत. आणि तुम्हीच जाऊन सांगणार, की माझं चुकलं? आपल्या हातानं पायावर धोंडा?"

"चुकलंय ना पण."

"एकशे साठनं! चारशेच्या पुढं तरी तिप्पटच राहतं ते." सिस्टर उठल्या. "मला विचाराल, तर तुमचा काटाही नको आणि त्यांची नजरही नको. काटा आल्यापासून ओले पॅड गोळा करायचं काम माझ्या माथी आलंय. पण तोंड शिवून बसा एवढं सांगते. आयतं कोलीत देऊ नका कुणाच्या हातात."

तराजूने कागदावरचे एकशे साठ खोडून दोनशे चाळीस लिहिले आणि तारीख घातली. तारीख बुधवारची घातली. चार तारखेची घालणे अगदी सोपे होते.

शुक्रवारच्या सभेला तिला धरून वीस जण होते. पुढच्या रांगेत नजर, शेजारी मुकादम, मागे ज्येष्ठतेच्या उतरत्या क्रमाने बाकीचे. दाराशी रक्तपेढीचा तंत्रज्ञ उभा होता, हातात झाकलेली बादली. तो तराजूच्या विनंतीवरून आणि स्वतःच्या साहेबांच्या लेखी परवानगीने आला होता. रक्तपेढीला या विभागाचे दोन्ही आकडे सारखेच संशयास्पद वाटत असल्यामुळे परवानगी एका दिवसात मिळाली होती.

"सर, माफी वाचण्याआधी दहा मिनिटं हवी आहेत."

"कशाला?"

"तंत्रज्ञांनी मुदत संपलेलं रक्त आणलंय. ते दोन चादरी आणि चार पॅडवर ओततील. किती, ते त्यांनी तोलून लिफाफ्यात बंद केलंय, मलाही माहीत नाही. सगळ्यांनी बघून चिठ्ठीवर आकडा लिहायचा. नाव नको. मी वजन करून लिहीन."

मुकादम कुजबुजला, "सर, हा काय पोरखेळ?" पण नजरेच्या चेहऱ्यावर सोमवारपासून पहिल्यांदाच प्रसन्नता आली. ज्या गोष्टीत माणूस कधी हरलेला नसतो तिचे आव्हान त्याला मेजवानीसारखे वाटते. आणि ज्या गोष्टीत कधी मोजलेच गेलेले नसते, तिच्यात कोणीच हरलेले नसते.

"आणा," नजर म्हणाली. "हातच्या काकणाला आरसा कशाला?"

तंत्रज्ञाने टेबलावर प्लास्टिक पसरले, कापडे मांडली, ओतले. जुन्या रक्ताचा लोखंडी वास खोलीभर पसरला. पहिल्या वर्षाच्या दोघी मागे सरकल्या. चिठ्ठ्या वाटल्या गेल्या.

नजर उठली, टेबलाभोवती एक फेरी मारली आणि खोलीला उद्देशून म्हणाली, "पाचशे. ज्याला सहाशे दिसतील त्यानं डोळे तपासून घ्यावेत."

तराजूने त्याच क्षणी ओळखले, की प्रयोग संपला. लिफाफा, परवानगी, निनावी चिठ्ठ्या, सगळ्याचा विचार तिने केला होता. सर मोठ्याने बोलतील याचा केला नव्हता. तीन वर्षे या विभागात काढून तिला ही गोष्ट सुचू नये, हा तिचा त्या आठवड्यातला दुसरा दोष.

चिठ्ठ्या गोळा झाल्या. तंत्रज्ञाने एकेक उघडून वाचली. "पाचशे. पाचशे. पाचशे." त्याचा आवाज हळूहळू यंत्रासारखा होत गेला. एकोणीस चिठ्ठ्यांपैकी अठरा पाचशेच्या निघाल्या. एक होती साडेपाचशेची. ती वाचली गेली तेव्हा मुकादमाने मागे वळून चेहरे तपासले. सगळे चेहरे जमिनीकडे होते. त्या विभागातल्या बंडाची कमाल मर्यादा पन्नास मिलिलिटर होती, एवढी नोंद तरी प्रयोगातून हाती लागली.

तराजूने कापडे काट्यावर ठेवली, सुकी वजने वजा केली. "अकराशे बेचाळीस."

तंत्रज्ञाने लिफाफा फाडला. "अकराशे पन्नास ग्रॅम ओतलं. थोडं बादलीला राहिलं असेल."

नजर उभी होती, चष्म्याची एक काडी दातांत धरून.

"मुदत संपलेलं, पिशवीतलं रक्त," ती अखेर म्हणाली. "ते तसंच पसरतं. बाईच्या अंगातून येतं ते गोठतं, त्याचे गोळे होतात, त्याला वेगळी नजर लागते. कुठल्याही शहाण्या माणसाला हे कळेल."

"हो सर," मुकादम म्हणाला.

"पण ठीक आहे." काडी दातांतून निघाली. "म्हणजे, तुझं म्हणणं, अकरा नंबरचे तेराशे पन्नास बरोबर होते?"

ही जागा तिला कोणी आयती दिली नव्हती. ती स्वतःच्याच प्रयोगाने तिथे पोहोचली होती. खोलीतल्या एकोणीस जणांनी नुकतेच दुप्पटीहून मोठी चूक केली होती, ती त्यांना दिसली होती. तिने 'हो' म्हटले असते तर तो शब्द खोडून काढायला त्या क्षणी कोणापाशी काही नव्हते. सिस्टर मागच्या दारातून तिच्याकडे बघत होत्या आणि ओठ घट्ट मिटून दाखवत होत्या.

"नाही, सर," तराजू म्हणाली. "ते चुकीचं होतं."

मुकादमाची मान इतक्या वेगाने वळली की खुर्ची करकरली.

"चादरींचा नवा गठ्ठा आला होता. मी जुनं सुकं वजन धरलं. एकशे साठ जास्त लिहिले गेले. खरा आकडा अकराशे नव्वद."

खोलीने श्वास सोडला. तो ऐकू आला. वीस माणसांच्या खोलीत एकाच वेळी सुटलेला श्वास ऐकू येतो. मघाच्या एकोणीस चिठ्ठ्यांचे ओझे एका क्षणात एकीच्या डोक्यावर गेले होते.

"ऐकलंत?" नजर खोलीकडे वळली. "स्वतःच्या तोंडानं. काटासुद्धा चुकतो."

"काटा नाही चुकला, सर. मी चुकले."

"तेच ते. वाच माफी."

तिने कागद उघडला. कागदावर चार ओळी होत्या. "नऊ तारखेस खाट क्रमांक अकरावरील रुग्णाच्या केसपेपरवर मी रक्तस्राव १३५० असा नोंदवला. चादरींचे सुके वजन न तपासल्यामुळे ही नोंद १६० ने अधिक झाली. योग्य नोंद ११९० अशी आहे. या १६० मिलिलिटरबद्दल मी विभागाची आणि समितीची माफी मागते."

तिने घडी घातली. नजर वाट बघत राहिली.

"पुढे?"

"एवढंच आहे, सर."

"आणि चारशे?"

"चारशेबद्दल मी माफी कशी मागू? तो आकडा माझा नाही."

मागच्या रांगेत कोणीतरी हसले आणि हसू खोकल्यात बुडवले. नजरेने मुकादमाकडे हात पुढे केला. मुकादमाने फाइल दिली. फाइलमधला अर्ज आधीच भरलेला होता, फक्त सही बाकी होती. ती नजरेने उभ्या उभ्याच केली. असमाधानकारक. मुदतवाढ सहा महिने.

केसपेपर टेबलावर होता. तराजूने तेराशे पन्नासवर आडवी रेघ मारली, खाली अकराशे नव्वद लिहिले, कारण लिहिले, तारीख घातली. वरच्या चारशेला हात लावला नाही.

कॉरिडॉरमध्ये मुकादमाने तिला गाठले. त्याचा आवाज रागीट होता, जणू तिने त्याचेच काही बुडवले होते.

"मूर्ख आहेस का तू? जिंकली होतीस. एक 'हो' म्हणायचं होतंस."

"तुम्ही चिठ्ठीवर काय लिहिलंत, सर?"

"पाचशे. मग काय लिहिणार?"

"तुम्हाला किती वाटले होते?"

प्रश्न अवघड असावा, कारण त्याने खरोखर विचार केला. "वाटायला वेळ कुठं होता?" तो म्हणाला. "सरांनी आधीच सांगून टाकलं."

घरी दादाने कपाळावर हात मारला आणि वर्तमानपत्रात परत गेला. तिसऱ्या दिवशी वहिनीने मधल्या खोलीत येऊन टेपने पलंग आणि भिंत यांमधले अंतर मोजले आणि छोटा ओव्हन पलंगाच्या पायथ्याशी बसतो असे जाहीर केले.

"उष्णता लागेल जरा. सहा महिने सोसा," ती म्हणाली. "खऱ्याची हौस तुम्हाला, भाजणार मात्र सगळे."

नवा काटा तिने स्वतःच आणला आणि त्यावर ठळक शाईने लिहिले: 'फक्त मैदा'.

दोन महिन्यांनी तराजूच्या बरोबरीचे परीक्षा देऊन गेले. जाताना तिघांनी निरोप घेतला. दोघांनी वळून रस्ता बदलला. पहिल्या वर्षाची नवी तुकडी आली आणि महिनाभरात तिची मान योग्य त्या कोनात वाकू लागली. लेबर रूममधला काटा जागच्या जागी होता. तो काढून टाका असे नजरेने कधीच सांगितले नाही. काढा म्हणायचे तर तो आहे हे मान्य करावे लागले असते.

एका सकाळी साडेनऊला राउंड लेबर रूममध्ये आली. चार नंबरवर नुकतेच बाळंतपण झाले होते. बाई बरी दिसत होती, मूल रडत होते. नव्या तुकडीतली एक मुलगी केसपेपर धरून उभी होती.

"किती?" नजरेने तिला विचारले.

मुलीने चादरीकडे बघितले, मग सरांच्या चेहऱ्याकडे, मग पुन्हा चादरीकडे. "तीन... साडेतीनशे, सर?"

"साडेतीनशे. लिही."

मुलीने लिहिले. मागे तराजूने कापडे गोळा करून काट्यावर ठेवली होती.

"सहाशे वीस," ती म्हणाली.

"मी तुला विचारलं नव्हतं."

"माहीत आहे, सर."

तिने मुलीच्या हातातून केसपेपर घेतला आणि साडेतीनशेच्या खाली लिहू लागली. सगळी राउंड पुढच्या खाटेकडे सरकण्यासाठी थांबली होती. नजर सरकली नाही. ती तिथेच उभी राहून तराजूचे पेन चालताना बघत होती, आणि मग मुकादमासकट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"सुकं वजन तपासलंस का या वेळी? का पुन्हा कापडच मोजलंस?"

मुकादम हसला. नवी तुकडी, हसायचे आहे हे कळल्यावर, हसली.

तराजूने मान वर केली. टोमणा मारण्यासाठी का होईना, पण एकवीस वर्षांत या माणसाने रक्ताबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता ज्याला उत्तर असू शकत होते. हे तिला अजिबात आवडले नाही.

"तपासलं, सर," ती म्हणाली. "आज सकाळी आठला. दोनशे एकोणचाळीस."

तिने केसपेपरवर तेही लिहिले, आणि पेन बंद केले.